जुन्या मोटरबोटीचा एक्झॉस्ट बदलताना

मोटरबोटीच्या एक्झॉस्टमधून धुराबरोबर पाणीही वाहते. मोटारगाडीत इंजिनाचा तप्त धूर लोखंडी नळीतून गाडीच्या पोटाखालून मागे जातो आणि वाटेत वाऱ्याने निवत राहतो. बोटीत ती सोय नसते. इंजिन फायबरच्या बंद खोक्यात, पेट्रोलच्या टाकीपासून थोड्याच अंतरावर बसवलेले असते. तिथे 700 अंश सेल्सिअसच्या धुराची उघडी नळी ठेवणे म्हणजे आग लावून घेणे. म्हणून धूर वाहणाऱ्या प्रत्येक भागाभोवती पाणी खेळवलेले असते आणि शेवटी ते पाणी धुरातच सोडून दोन्ही एकत्र बाहेर टाकले जातात. बिडाच्या एकाच ओतीव भागात एका बाजूला तप्त वायू, दुसऱ्या बाजूला समुद्राचे पाणी आणि दोहोंमध्ये काही मिलिमीटरची भिंत, अशी ही रचना आहे. जुन्या बोटीच्या एक्झॉस्टचे जवळजवळ सगळे दुखणे या भिंतीत आणि तिच्या जोडात असते. ते बाहेरून दिसत नाही, आणि दिसू लागते तेव्हा बहुधा इंजिन हातचे गेलेले असते.

अशा बोटी अमेरिकेच्या सरोवरांत आणि किनाऱ्यांवर मोठ्या संख्येने आहेत. इंजिन बोटीच्या आत, मागच्या भिंतीला लागून, आणि पंख्याचा पाय भिंतीबाहेर, ही स्टर्नड्राइव्हची मांडणी व्होल्व्हो पेंटाने 1959 मध्ये अ‍ॅक्वामॅटिक या नावाने बाजारात आणली. 1961 मध्ये मर्क्रूझर आली आणि पुढची चार दशके हौशी बोटींचा हाच नेहमीचा साचा राहिला. आतले इंजिन बहुतेक वेळा मूळ मोटारगाडीचे असे. जनरल मोटर्सच्या शेव्हरोलेने 1955 मध्ये काढलेले लहान ब्लॉकचे व्ही-8, आणि विशेषतः त्याचा 1967 पासूनचा 350 घन इंचांचा, म्हणजे 5.7 लिटरचा अवतार, मर्क्रूझर, व्होल्व्हो पेंटा आणि ओएमसी या तिन्ही कंपन्यांनी समुद्रासाठी सजवून विकला. या घराण्याचे दहा कोटीवे इंजिन 2011 मध्ये तयार झाले. ओएमसी कंपनीचे 2000 च्या अखेरीस दिवाळे निघाले, तरी तिच्या बोटींचे एक्झॉस्टचे भाग आजही मिळतात, कारण बार, सिएरा यांसारख्या कंपन्या ते स्वतंत्रपणे ओततात. घरच्या घरी हे काम करू पाहणाऱ्याला ही परिस्थिती फार अनुकूल आहे. इंजिन सर्वांच्या ओळखीचे, माल उपलब्ध, आणि कामाला लागणारी हत्यारे साधी.

पाण्याची आणि धुराची वाट

व्ही-8 इंजिनाच्या दोन्ही अंगांना एकेक मॅनिफोल्ड असतो. चार सिलिंडरांचा धूर गोळा करून पुढे देणे हे त्याचे काम. त्याच्या माथ्यावर, काही रचनांत मधोमध तर काहींत मागच्या टोकाला, रायझर बसतो. धूर आधी वर चढवून मग खाली वळवणारा हा वाकडा बिडाचा तुकडा असतो. त्याची उंची हेच इंजिनाचे संरक्षण आहे. बाहेरचे पाणी उलटे इंजिनात शिरायचे झाले तर त्याला आधी ही चढण पार करावी लागते. बोट पाण्यात खोल बसत असेल तर मॅनिफोल्ड आणि रायझर यांच्यामध्ये 3 किंवा 6 इंच उंचीचा पोकळ ठोकळा घालतात. जुन्या बोटीवर मागाहून जड टाक्या, बॅटऱ्या किंवा मागची लाकडी फळी चढवलेली असेल तर ती मूळच्यापेक्षा खाली बसते. अशा वेळी कारखान्याने दिलेली रायझरची उंची अजून पुरेशी आहे का, हे इंजिनाच्या पुस्तिकेतल्या किमान उंचीशी ताडून पाहावे लागते.

पाणी उचलणारा रबरी पात्यांचा पंप कधी ड्राइव्हच्या पायात असतो, जसा मर्क्रूझरच्या अल्फा वनमध्ये, तर कधी इंजिनावर, जसा ब्राव्होमध्ये. तिथून पाणी थर्मोस्टॅटच्या घरात येते. इंजिनाला लागेल तेवढे ब्लॉकमध्ये फिरते, बाकीचे दोन्ही मॅनिफोल्डांच्या पोकळ भिंतींत जाते, तिथून जोडातल्या छिद्रांमधून रायझरच्या भिंतीत चढते आणि रायझरचा माथा ओलांडल्यावर उताराच्या बाजूला धुरात मिसळते. माथ्याअलीकडचा धुराचा मार्ग कोरडा आणि पलीकडचा ओला, हा या रचनेचा नियम. मिसळल्याबरोबर धूर इतका थंड होतो की त्यापुढची वाट रबरी होजची असली तरी चालते. पुढे रबरी झडप, दोन्ही अंगांचा धूर एकत्र करणारी वाय आकाराची नळी, मागच्या भिंतीबाहेरचा रबरी भाता आणि शेवटी पंख्याच्या पोकळ तुंब्यातून पाण्याखाली निकास. झडपेचे काम एवढेच की बोट एकदम थांबली आणि मागची लाट अंगावर आली तर पाणी आत लोटले जाऊ नये.

बीड का हरते

समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. तापलेल्या बिडावर असे पाणी तासन्‌तास फिरले की दोन गोष्टी एकदम घडतात. क्लोराइडमुळे लोखंड गंजत जाते आणि गंजाचे पोपडे सुटतात. शिवाय कॅल्शियमचे काही क्षार गरम पाण्यात कमी विरघळत असल्याने जिथे भिंत सर्वांत तापते तिथेच त्यांचा थर धरतो. समुद्राचे पाणी थेट ब्लॉकमध्ये फिरवणाऱ्या इंजिनांना साधारण 60 अंश सेल्सिअसला उघडणारा थर्मोस्टॅट देतात तो याच कारणाने. गोडे पाणी व शीतक बंद चक्रात फिरवणारी इंजिने यापेक्षा गरम चालवता येतात, पण त्यांच्यातही बऱ्याच वेळा बंद चक्र फक्त ब्लॉकपुरते असते आणि मॅनिफोल्डांतून खारे पाणीच वाहत असते. बोट विकताना 'बंद शीतकरण' असे सांगितले जाते तेव्हा ते अर्धे की पूर्ण, हे होजचा माग काढून पाहायला हवे.

पोपडे आणि क्षार वाहत जाऊन रायझरच्या शेवटच्या अरुंद फटींत अडकतात. पाणी धुरात मिसळते ते याच फटींमधून. निम्म्या फटी बुजल्या की एका बाजूचा होज पाण्याविना राहतो, रबर करपते, झडप जळून तुटते आणि तिचा तुकडा खालच्या नळीत अडकतो. इंजिनाचा तापमानदर्शक मात्र बराच काळ ठीक दाखवत राहतो, कारण तो ब्लॉकमधले पाणी मोजतो, रायझरमधले नाही.

याहून वाईट प्रकार जोडात घडतो. जुन्या रचनेत मॅनिफोल्ड आणि रायझर यांच्या सपाट जोडावर मधोमध धुराचे मोठे छिद्र असते आणि त्याच्याभोवती पाण्याची लहान छिद्रे. दोहोंमध्ये बिडाची एक अरुंद पट्टी आणि तिच्यावर दाबलेले गॅस्केट, एवढाच आडोसा. ही पट्टी वर्षागणिक गंजते, गॅस्केटखाली पोकळी होते आणि पाणी धुराच्या छिद्रात उतरू लागते. इंजिन चालू असताना धुराचा दाब ते बाहेर लोटतो आणि कोणाला काही कळत नाही. इंजिन बंद झाल्यावर रायझरच्या भिंतीत उरलेले पाणी हळूहळू खाली पाझरते. थांबलेल्या व्ही-8 मध्ये काही सिलिंडरांचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नेहमीच उघडे असतात. पाणी त्या वाटेने पिस्टनवर जाऊन बसते. दुसऱ्या दिवशी किल्ली फिरवली की पिस्टन वर येतो, पाणी दबत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी थोडे असेल तर रॉड वाचतो, पण व्हॉल्व्ह आणि सिलिंडरच्या भिंती गंजतात, पाणी पिस्टनच्या कड्यांवरून तेलात उतरते आणि तेल दुधाळ होते.

हा दोष ओळखून मर्क्रूझरने 2000 च्या दशकाच्या सुरुवातीला 'ड्राय जॉइंट' ही वेगळी रचना आणली. तिच्यात पाण्याचे मार्ग धुराच्या छिद्रापासून दूर, वेगळ्या बैठकीवर नेलेले आहेत. तिथे गॅस्केट फुटले तर पाणी इंजिनात नव्हे, बाहेर गळते. जुने मॅनिफोल्ड आणि नवे रायझर एकमेकांना बसत नाहीत. तरीही ज्यांना दोन्ही बाजूंचा पूर्ण संच बदलायचाच आहे आणि ज्यांच्या इंजिनाला तो बसतो, त्यांनी जास्त पैसे मोजून ही रचना घेणे शहाणपणाचे आहे.

बदलायची वेळ

खाऱ्या पाण्यात नित्य वापरल्या जाणाऱ्या बिडाच्या रायझरांचे आयुष्य सर्वसाधारणपणे 5 ते 7 वर्षे धरले जाते. गोड्या सरोवरातली बोट याच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक काळ सहज काढते. तिचा शत्रू गंज नसून हिवाळा असतो. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते आणि निचरा न केलेला मॅनिफोल्ड उभा चिरतो. जुनी बोट विकत घेताना मागचा मालक ती कुठे चालवत होता हा प्रश्न इंजिनाच्या तासांइतकाच महत्त्वाचा आहे. भाग कधी बदलले याची नोंद नसेल तर ते कधीच बदलले नाहीत असे धरून चालावे.

उघडण्याआधी काही खुणा मिळतात. जोडाच्या कडेने रंगावर उतरलेले तांबूस ओघळ, एका रायझरचे तापमान दुसऱ्यापेक्षा बरेच जास्त असणे, करपलेल्या रबराचा वास, एखाद्याच स्पार्क प्लगच्या टोकावर गंज. पैकी शेवटची खूण दिसली तर बोट पुढे चालवू नये. मात्र या खुणा नसणे म्हणजे जोड धड असणे नव्हे. खात्री हवी तर रायझर काढून जोडाची बैठक डोळ्यांनी पाहावी लागते. रायझर काढणे हे एका दुपारचे काम आहे, आणि खाऱ्या पाण्यातल्या बोटीला तिसऱ्या वर्षापासून दर हंगामाला ते करण्यात कष्ट वाया जात नाहीत. बैठकीवर धुराच्या छिद्रापासून पाण्याच्या छिद्रापर्यंत पोचलेली गंजाची वाट, बैठकीला पडलेले खड्डे किंवा पातळ झालेली भिंत दिसली की तो भाग मोडीत. रायझर गेला आणि मॅनिफोल्ड त्याच वयाचा असेल तर दोन्ही एकत्र, आणि एका बाजूचा गेला तर दोन्ही बाजूंचे बदलावेत. निम्मा संच बदलून वाचवलेले पैसे बहुतेक वेळा पुढच्याच हंगामात गॅस्केट आणि मजुरीत जातात.

माल निवडताना

मागणी नोंदवण्याआधी इंजिनाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. बोटीच्या सालावर विसंबणे धोक्याचे, कारण हंगामाच्या मध्यावर रचना बदललेल्या असतात आणि जुन्या बोटीत इंजिनच बदललेले असू शकते. ओएमसीच्या कोब्रा मालिकेतल्या काही इंजिनांचा मूळ ब्लॉक फोर्डचा होता, शेव्हरोलेचा नव्हे. धुराच्या छिद्रांची मांडणी दोन्हींत वेगळी असते. नवा मॅनिफोल्ड आल्यावर जुन्याशेजारी ठेवून छिद्रे, होजची तोंडे आणि कंस अडकवायच्या जागा एकेक करून जुळवाव्यात. ओतकामात राहिलेली वाळू आणि लोखंडी कीस दाबाच्या हवेने उडवून टाकावा. तो पाण्याच्या मार्गात राहिला तर पहिल्याच फेरीत रायझरच्या फटींत जाऊन बसतो.

गॅस्केटची निवड सर्वांत जास्त चुकते. बाहेरून सारखीच दिसणारी गॅस्केटे दोन-तीन प्रकारची असतात. काहींत पाण्याची सगळी छिद्रे उघडी, काहींत काही बंद, आणि पूर्ण बंद शीतकरण असलेल्या इंजिनांच्या काही रचनांत मॅनिफोल्ड व रायझर यांच्यामधले गॅस्केट पाण्याचा मार्ग पूर्ण अडवते, कारण मॅनिफोल्डात शीतक आणि रायझरमध्ये समुद्राचे पाणी असते. थेट समुद्राच्या पाण्यावर चालणाऱ्या इंजिनाला असे आंधळे गॅस्केट लावले तर रायझर पाण्याविना तापतो. उलट चूक झाली तर शीतक समुद्रात जाते. इंजिनाच्या रचनेचे पाण्याच्या मार्गाचे चित्र समोर ठेवूनच गॅस्केट उचलावे.

धुराचा होज साधा पाण्याचा चालत नाही. एसएई जे 2006 या मानकाचा सागरी एक्झॉस्ट होजच हवा. प्रत्येक टोकाला साध्या पोलादाच्या नव्हे तर स्टेनलेसच्या दोन पट्ट्या लागतात. रबरी झडपा स्वस्त असतात आणि रायझर काढलेला असतानाच त्यांच्यापर्यंत हात पोचतो, म्हणून त्याही नव्या घ्याव्यात. काम करताना काढावा लागलेला स्टार्टर किंवा अल्टरनेटर जुना निघाला तर त्याच्या जागी मोटारगाडीचा कधीही बसवू नये. सागरी प्रकाराची ठिणगी बाहेर पडू न देण्याची बांधणी गाडीच्या भागाला नसते, आणि बोटीच्या तळात साचलेल्या पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते.

खोलणे

बोट पाण्याबाहेर, ट्रेलरवर असणे उत्तम. बॅटरीच्या तारा काढाव्यात, तळ उघडा ठेवून पेट्रोलचा वास पूर्ण जाऊ द्यावा. मॅनिफोल्ड आणि ब्लॉक यांच्या तळाशी असलेल्या पितळी बुचांमधून पाणी काढून टाकावे. बूच काढूनही पाणी आले नाही तर मार्ग गंजाने भरला आहे. तारेने टोकरून तो मोकळा करावा, नाहीतर बिडाचे ओझे पाण्यासकट उचलावे लागते. कोरडा मॅनिफोल्डच सुमारे 20 किलोचा भरतो आणि तो वाकून, हात लांब करून, पाठीच्या सर्वांत वाईट अवस्थेत उचलायचा असतो. दुसरा माणूस हवाच.

होज, तारा आणि कंस काढण्याआधी सगळ्या बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. अनेक इंजिनांत गिअरच्या केबलचा पत्रा, इंधनगाळणी किंवा सुकाणूच्या तेलाची टाकी या भागांवरच अडकवलेली असते. गिअरच्या पत्र्यावरच्या केबलची बसणी सुटी न करता अख्खा पत्रा तारांसह बाजूला टांगावा. केबलची मापे एकदा हलली की ती पुन्हा लावणे हे स्वतंत्र काम होऊन बसते. करपलेला होज ओढून काढण्यात हात दुखवण्यापेक्षा तो सरळ चिरावा.

मग बोल्ट. शेव्हरोलेच्या या ब्लॉकवर ते तीन अष्टमांश इंचांचे, इंचाला 16 आट्यांचे असतात आणि त्यांच्या डोक्याला 9/16 इंचाचा सॉकेट लागतो. मेट्रिक मापाचा जवळपास बसणारा पाना वापरला की गंजलेले डोके गोल होते आणि अर्ध्या तासाच्या कामाचे दोन दिवस होतात. काम सुरू करण्याच्या आदल्या दिवसापासून बोल्टांच्या मुळाशी गंज सोडवणारे तेल दोन-तीनदा सोडावे. सहा कोनांचा सॉकेट, लांब दांडा, आणि आधी किंचित घट्ट करून मग सोडवणे, या क्रमाने बरेचसे बोल्ट निघतात. गॅसच्या ज्योतीने तापवणे गॅरेजमध्ये ठीक, पेट्रोलच्या बोटीच्या पोटात कधीच नाही. बोल्ट तुटलाच आणि त्याचा तुकडा बाहेर डोकावत असेल तर मॅनिफोल्ड निघाल्यावर त्याला पकड मिळते. सिलिंडरच्या टोपीत सपाट तुटला असेल तर नेमका मध्य खुणावून उलट्या फिरकीच्या ड्रिलने भोक पाडावे. पुष्कळदा ड्रिलच्या ओढीनेच तुकडा फिरून बाहेर येतो. इथे ड्रिल तिरके गेले तर टोपीचे आटे जातात, म्हणून हात बसलेला नसेल तर एवढे काम जाणकाराकडून करून घ्यावे.

मॅनिफोल्ड निघाला की उघड्या धुराच्या छिद्रांत स्वच्छ फडकी कोंबावीत. त्यांची संख्या लिहून ठेवावी आणि बसवताना मोजून काढावीत. याच वेळी छिद्रांतून आत पाहता येते. व्हॉल्व्हच्या दांड्यांवर तांबूस गंज असेल तर पाणी आधीच आत पोचलेले होते, आणि मग नवे भाग बसवण्याआधी सिलिंडरांचा दाब मोजणे भाग आहे.

बैठक आणि गॅस्केट

या संपूर्ण कामाचा जीव सपाट पृष्ठभागात आहे. नवा मॅनिफोल्ड कितीही चांगला असो, तो जिथे टेकतो ती सिलिंडरच्या टोपीची बैठक खडबडीत असेल तर धूर निसटणार, आणि रायझरच्या जोडाची बैठक खडबडीत असेल तर पाणी आत जाणार. जुन्या गॅस्केटचे अवशेष खरवडणीने काढावेत. धार पृष्ठभागात रुतेल असा जोर नको, आणि वेगाने फिरणाऱ्या खरखरीत चकत्या तर नकोच, कारण त्या मऊ बिडात न दिसणारे खळगे पाडतात. शेवटी सपाट ठोकळ्यावर ताणलेल्या घासकागदाने बैठक एकसारखी करावी. त्यावर पोलादी पट्टी उभी ठेवून मागून दिवा धरला की कुठून प्रकाश येतो ते दिसते. पट्टीखाली फट दिसली तर तिची जाडी पातीने मोजून पुस्तिकेतल्या मर्यादेशी ताडावी. नवे भागही याला अपवाद नाहीत. वाहतुकीत कडेला बसलेला एखादा टोला बैठकीवर उंचवटा ठेवून जातो. तो बारीक कानशीने उतरवावा.

आट्यांमधून योग्य मापाचा टॅप हलक्या हाताने फिरवून गंज काढावा आणि हवेने भोके साफ करावीत. बोल्ट नवेच घालावेत. आट्यांना कोणते वंगण किंवा सील लावायचे हे पुस्तिकेप्रमाणे ठरवावे, कारण कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्कचा आकडा तेलकट आट्यांवर वापरला तर बोल्ट प्रत्यक्षात जास्त ताणला जातो.

मॅनिफोल्ड चढवण्याची एक जुनी, फार उपयोगी युक्ती आहे. त्याच मापाचे दोन लांब बोल्ट घेऊन त्यांची डोकी कापावीत आणि ते टोपीच्या दोन टोकांच्या भोकांत हाताने बसवावेत. गॅस्केट त्यांच्यावर अडकते, मॅनिफोल्ड त्यांच्यावर सरकवून टांगता येतो, दोन्ही हात मोकळे राहतात आणि गॅस्केट सरकत नाही. बाकीचे बोल्ट लागले की हे दोन काढून त्यांच्या जागी खरे बोल्ट घालायचे.

मॅनिफोल्डचे गॅस्केट बहुधा कोरडेच बसवतात. रायझरच्या गॅस्केटला काही लावायचे का, हे संचासोबतच्या सूचनेत असते. सिलिकॉनचा थर 'जास्तीची खबरदारी' म्हणून लावू नये. तो दाबला गेल्यावर आत पसरतो आणि पाण्याचे छिद्र अडवतो. सगळे बोल्ट आधी हाताने पूर्ण आत जातात याची खात्री करावी, मग मधल्यांपासून टोकांकडे, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने घट्ट करावेत. आकडा त्या इंजिनाच्या पुस्तिकेतलाच हवा. अंदाजाने आवळलेला जोड एका बाजूने दबतो आणि गॅस्केट दुसऱ्या बाजूने लवकर मरते. रायझरचा जोडही याच शिस्तीने. होज चढवताना त्याच्या आत साबणाचे पाणी लावावे, ग्रीस नको, आणि पट्ट्यांचे स्क्रू अशा बाजूला ठेवावेत की पुढच्या वर्षी पेचकस पोचेल. निचऱ्याची पितळी बुचे परत बसवणे हे शेवटचे काम, आणि विसरले जाते तेही हेच. बूच नसताना इंजिन चालू केले तर पंप समुद्राचे पाणी थेट बोटीत भरतो.

भिंतीबाहेरचा रबरी भाता याच कामात धरायचा की नाही, हे त्याच्या वयावर ठरते. त्यासाठी ड्राइव्हचा अख्खा पाय उतरवावा लागतो आणि शेजारचा युनिव्हर्सल जॉइंटचा भाताही त्याच वेळी बदलणे योग्य ठरते. धुराचा भाता फाटला तर आवाज वाढतो आणि आतल्या भागांना धूर लागतो, पण युनिव्हर्सल जॉइंटचा भाता फाटला तर बोट बांधल्या जागी बुडू शकते.

पहिल्यांदा चालू करताना

ट्रेलरवर चालवायचे असेल तर ड्राइव्हच्या पायातल्या पाणी घेण्याच्या जाळ्यांवर रबरी कप चढवून आधी नळ सोडावा, मग किल्ली फिरवावी. पाण्याविना पंपाची रबरी पाती मिनिटभरातही जळतात, आणि तुटलेली पाती प्रवाहाबरोबर वर जाऊन थर्मोस्टॅटच्या घरात किंवा नव्या मॅनिफोल्डच्या तोंडात अडकतात. पेट्रोल इंजिन सुरू करण्याआधी तळातली हवा बाहेर काढणारा पंखा 4 मिनिटे चालवण्याची अमेरिकेतली सक्त सूचना इथेही पाळावी.

इंजिन मंद गतीवर गरम होईपर्यंत प्रत्येक जोडाभोवती कोरडे कागद फिरवून ओल तपासावी. दोन्ही रायझर हात टेकवून ठेवता येईल इतकेच गरम व्हायला हवेत आणि दोहोंत मोठा फरक नको. इन्फ्रारेड तापमापी असेल तर डाव्या-उजव्या बाजूची तीच ती ठिकाणे मोजून आकडे वहीत लिहून ठेवावेत, पुढच्या वर्षी तुलनेला तेच कामी येतात. धुराच्या जोडातून फुसफुस ऐकू आली तर लगेच इंजिन बंद करावे. ही फुसफुस म्हणजे निसटणारा कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. 2000 साली अमेरिकेतल्या लेक पॉवेल जलाशयावरच्या हाउसबोटींमागे पोहणाऱ्यांचे मृत्यू तपासताना जनित्रांच्या धुराचा हाच वायू कारण निघाला होता, आणि तेही उघड्या हवेत. केबिन असलेल्या बोटीत या वायूची सूचना देणारे सागरी यंत्र बसवणे हा एक्झॉस्टच्या कामाचाच भाग मानावा.

शेवटची परीक्षा दुसऱ्या दिवशीची. रात्रभर बोट उभी ठेवून सकाळी आठही स्पार्क प्लग काढावेत, प्रज्वलन बंद करून इंजिन क्षणभर फिरवावे. भोकांतून पाण्याचा थेंबही उडाला नाही, प्लग कोरडे असले आणि तेलाच्या कांडीवर तेल स्वच्छ असले तर जोड धरला. पाणी उडालेच तर प्लग न लावता ते सगळे बाहेर फेकू द्यावे, सिलिंडरांत तेल सोडावे, इंजिनातले तेल बदलावे आणि जोड पुन्हा उघडावा. ओले इंजिन आठवडाभर तसेच ठेवले तर ते गंजून अडकते.

नवे भाग टिकवताना

खाऱ्या पाण्यातून आल्यावर प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने दहा-पंधरा मिनिटे इंजिन धुणे हा बिडाचे आयुष्य वाढवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. थर्मोस्टॅट उघडल्यानंतरचीच मिनिटे धरावीत, कारण तोवर ब्लॉकमधून पुरेसे गोडे पाणी फिरत नाही. थंड प्रदेशात हंगाम संपताच बुचे काढून पूर्ण निचरा करतात आणि काही जण मार्गात प्रॉपिलिन ग्लायकोलचे न गोठणारे द्रावण भरतात. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर गोठण्याची भीती नाही, पण पावसाळ्यात बोटी महिनोन्‌महिने वर ओढलेल्या असतात, आणि त्या काळात मॅनिफोल्डात राहिलेले खारे पाणी चालत्या बोटीपेक्षा जास्त नुकसान करते. त्यामुळे इथेही उचलण्याआधी धुणे आणि निचरा तितकाच आवश्यक. या किनाऱ्यावरच्या बऱ्याच सहलीच्या बोटींना आउटबोर्ड इंजिन असते, ज्याचा धूर पायातूनच उतरतो, म्हणून रायझरचा प्रश्न तिथे येत नाही. डिझेल इंजिन आत बसवलेल्या आणि पाणी मिसळून धूर सोडणाऱ्या लाँचला मात्र रायझरच्या जागी मिश्रणाचा एल्बो असतो. तो काजळी आणि क्षार मिळून आतून बुजतो आणि त्याचीही तपासणी याच पद्धतीने, भाग काढून, डोळ्यांनी करावी लागते.

भाग बसवल्याची तारीख रायझरच्या बाजूला रंगाने लिहावी आणि गॅस्केटचे क्रमांक, टॉर्कचे आकडे व दोन्ही बाजूंची तापमाने बोटीच्या वहीत नोंदवावीत. खाऱ्या पाण्यातल्या बोटीवर तिसऱ्या हंगामाच्या अखेरीस रायझर पहिल्यांदा उचलून बैठक पाहावी आणि परत बसवताना गॅस्केट नवे घालावे.